जुन्या डिझेल गाडीचा काटा लालकडे जातो किंवा वर चढतच नाही: थर्मोस्टॅटची तपासणी आणि दुसऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट बसवणं

हे लिखाण ट्रॅक्स, एमएम ५४०, जुनी सुमो, सिएरा, डिझेल अँबेसिडर अशा गाड्या अजून चालवणाऱ्यांसाठी आहे. पाण्यावर थंड होणारं जुनं डिझेल इंजिन, पट्ट्यावर फिरणारा पंखा आणि रेडिएटरच्या वरच्या होजच्या (रबरी नळीच्या) तोंडाशी बसवलेला मेणाचा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप), एवढं जुळत असेल तर गाडी कोणतीही असो, पुढचं सगळं लागू पडतं. यातल्या बऱ्याच गाड्यांचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत. अँबेसिडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, बाकीच्यांपैकी बहुतेकही बंद झाल्या. त्यामुळे दुसऱ्या इंजिनाचा थर्मोस्टॅट आपल्या हाऊसिंगमध्ये, म्हणजे तो बसतो त्या धातूच्या घरात, बसवायची वेळ येते. ते नीट करता येतं, पण मापं घेऊनच.

आधी लक्षणं.

गाडी गरम होण्याची:

- सपाटीवर तापमानाचा काटा जागेवर असतो, घाट लागला की लाल पट्टीकडे सरकतो, उतारावर पुन्हा खाली येतो.
- सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर काटा झपाट्याने वर जातो, पण वरचा होज हाताला गारच लागतो.
- काटा एका जागी ठरत नाही, वर-खाली डोलत राहतो.
- इंजिन बंद केलं की झाकणाजवळून किंवा ओव्हरफ्लोच्या नळीतून पाणी फेकतं.

गाडी थंड राहण्याची:

- तासभर हायवेला चालवूनही काटा पाव भागाच्या वर येत नाही.
- सकाळचा पांढरा धूर आणि खडखडाट बराच वेळ टिकतो.
- ॲव्हरेज उतरलं आहे आणि ऑइल नेहमीपेक्षा लवकर काळं आणि घट्ट होतं.
- थंडीत हिटर लावला तरी हवा कोमटच येते.

दुसऱ्या गटातली गाडी कोणी गॅरेजला आणत नाही, कारण ती रस्त्यात बंद पडत नाही. मला मात्र तिचीच जास्त काळजी वाटते. डिझेल इंजिन मुळात पेट्रोलपेक्षा कमी उष्णता पाण्यात सोडतं, आणि रिकामं चालताना तर फारच कमी. त्याला ८० अंशांच्या वर ठेवलं नाही तर डिझेल पूर्ण जळत नाही. न जळलेलं डिझेल लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. जळताना तयार झालेली वाफ थंड भिंतीवर बसते आणि इंधनातल्या गंधकाशी मिळून आम्ल बनते. रिंगा आणि लायनर अकाली झिजतात, आणि दोष मात्र ऑइलवर किंवा नोझलवर ढकलला जातो.

आपल्याकडची जुनी सवय अशी की गाडी गरम झाली की मिस्त्री म्हणतो, ‘वॉल (म्हणजे थर्मोस्टॅट) काढून टाकू, आपल्याकडे बर्फ पडत नाही.’ गाडी दोन दिवस बरी वाटते आणि पुढच्या घाटात पुन्हा तापते. असं का होतं हे समजण्यासाठी आत काय चालतं ते आधी बघू.

थर्मोस्टॅटच्या मधोमध पितळेची किंवा तांब्याची छोटी डबी असते. तिच्यात मेण भरलेलं असतं. ठरलेल्या तापमानाला ते मेण वितळून फुगतं आणि दांडी ढकलतं. मग झडप उघडते आणि गरम पाणी रेडिएटरकडे जातं. थंड झालं की स्प्रिंग झडप मिटवते. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट यांनी हा प्रकार गाड्यांसाठी विकसित केला. त्याआधी उडणाऱ्या द्रवाने भरलेली, घड्यांची धातूची नळी वापरत. ती पाण्याच्या दाबालाही दबायची, म्हणून दाबाची झाकणं आल्यावर मागे पडली.

बऱ्याच जुन्या डिझेलमध्ये याच थर्मोस्टॅटच्या बुडाला आणखी एक चकती असते. इंजिन थंड असताना पाणी बायपासच्या, म्हणजे रेडिएटर टाळणाऱ्या, वाटेने वॉटर पंपाकडे परत जातं. इंजिन तापून मुख्य झडप उघडली की ही खालची चकती पुढे सरकून बायपासचं भोक बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरमधूनच जातं. थर्मोस्टॅट काढून टाकला की ते भोक कायमचं उघडं राहतं. पाण्याला जिथे अडथळा कमी तिथे ते जातं. त्यातला मोठा हिस्सा रेडिएटर चुकवून पंपात आणि पंपातून पुन्हा इंजिनात फिरत राहतो. सपाटीवर हे जाणवत नाही. खंबाटकीला किंवा कशेडीला भरलेली गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ओढताना मात्र काटा चढू लागतो. ‘पाणी जोरात पळतं म्हणून थंड व्हायला वेळ मिळत नाही’ हे सगळ्या गॅरेजांत ऐकू येणारं कारण खरं नाही. खरं कारण हा उघडा बायपास आहे.

आता तपासण्या. फुकटच्या आधी, खर्चाच्या नंतर.

पाण्याची पातळी आणि झाकण

इंजिन रात्रभर उभं राहिल्यावर, पूर्ण थंड असतानाच झाकण उघडा. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका, फडकं टाकूनसुद्धा. झाकणावर ७ किंवा १३ पौंड असा आकडा असतो, काहींवर ०.९ (बार) असतो. १३ पौंडांच्या दाबाखाली साधं पाणीदेखील ११८ अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे झाकण उघडलं की आतलं शंभराच्या वरचं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. भाजल्याचे असे प्रसंग दर उन्हाळ्यात ऐकायला मिळतात.

झाकणाचं रबर चिरलेलं, कडक झालेलं किंवा ठसा खोल पडलेलं असेल तर आधी झाकण बदला. पूर्ण दुरुस्तीतला हा सर्वांत स्वस्त भाग आहे. दाब धरला नाही तर पाणी लवकर उकळतं आणि दोष थर्मोस्टॅटवर येतो. झाकणाच्या मध्ये एक बारीक झडप असते, ती बोटाने ओढून सोडा. ती अडकली असेल तर इंजिन थंड होताना आत पोकळी तयार होते आणि होज चिपाडासारखा चपटा होतो. सकाळी होज चपटा दिसला तर झाकण बदलायचं, होज नाही. आणि बदलताना आकडा मूळचाच ठेवा. ७ पौंडांच्या जुन्या रेडिएटरवर १३ चं झाकण लावलं तर रेडिएटरचे झाळलेले जोड सुटतात.

पट्टा

या गाड्यांत पंखा आणि वॉटर पंप बहुधा एकाच पट्ट्यावर फिरतात. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबलं की पट्टा साधारण एक सेंटिमीटर खाली गेला पाहिजे. बाजूच्या कडा काचेसारख्या चकचकीत दिसत असतील तर तो घसरतोय. घाटात इंजिनावर भार असताना पट्टा घसरला की पंखा आणि पाणी दोन्ही एकदम मंदावतात.

काटा खरं सांगतोय का

इंधनाचा काटा आणि तापमानाचा काटा दोन्ही एकाच वेळी नेहमीपेक्षा वर दिसत असतील तर इंजिनाला हात लावू नका. जुन्या डॅशबोर्डमध्ये दोन्ही काट्यांना एकच व्होल्टेज स्टॅबिलायझर वीज देतो. तो बिघडला की दोन्ही काटे एकत्र खोटं बोलतात. सेन्सरच्या आट्यांवर कोणी टेफ्लॉन टेप गुंडाळला असेल तर त्याला नीट अर्थिंग मिळत नाही आणि काटा कमी दाखवतो.

लांबून तापमान मोजणारी लेझरची बंदूक आता स्वस्त झाली आहे, ती घ्या. फक्त चकचकीत ॲल्युमिनिअमवर तिचं माप कमी येतं. हाऊसिंगवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि नेम त्यावर धरा.

होजची परीक्षा

माझ्या मते ही सर्वांत उपयोगी तपासणी आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. थंड इंजिन सुरू करा, थोडं फिरवून आणा. डिझेल नुसतं उभं ठेवून लवकर तापत नाही. मध्येमध्ये थांबून, इंजिन बंद करून, वरच्या होजला हात लावून बघा. इंजिन चालू असताना पंख्याजवळ हात नेऊ नका, आणि गळ्यातलं उपरणं किंवा ओढणी आधी काढून ठेवा.

थर्मोस्टॅट ठीक असेल तर होज बराच वेळ गार राहतो आणि काटा मधोमध आला की अचानक गरम होतो. होज पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा आत नाहीच. काटा चढला तरी होज गार राहिला तर थर्मोस्टॅट मिटलेला अडकलाय, आत हवा अडकली आहे किंवा पंप पाणी ढकलत नाही. वरचा होज गरम आहे पण रेडिएटरच्या जाळीचे काही पट्टे गरम आणि काही गार लागतात, तर आतल्या नळ्या चोंदल्या आहेत. मग गाडी रेडिएटरवाल्याकडे न्यायची, थर्मोस्टॅटमागे वेळ घालवायचा नाही.

आत अडकलेली हवा

अलीकडे कोणी पाणी काढून भरलं असेल तर ही शंका आधी घ्या. थर्मोस्टॅटच्या चकतीला एक बारीक भोक असतं आणि त्यात सैल पिन डुलत असते. थर्मोस्टॅट मिटलेला असताना हवा त्यातूनच वर निघते. भोक क्षारांनी बुजलं, किंवा बसवताना खालच्या बाजूला आलं, तर हवेचा फुगा मेणाच्या डबीभोवती साचतो. डबीला गरम पाणी लागतच नाही, म्हणून झडप उशिरा उघडते आणि काटा डोलत राहतो.

हवा काढायची रीत अशी: गाडीचं नाक चढावर, हिटरचा कॉक पूर्ण गरमकडे, झाकण उघडं, पाणी सावकाश. वरचा होज हाताने दाबत-सोडत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग सुरू करा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेवढं भरून झाकण लावा. हे सगळं थंड इंजिनापासून सुरू करून एका बैठकीत करायचं.

हाऊसिंग उघडणं

इथपर्यंत दोष सापडला नाही किंवा होजने थर्मोस्टॅटकडे बोट दाखवलं, तर उघडा. ड्रेन कॉकमधून पाणी बादलीत काढा. त्यात कूलंट असेल तर बादली झाकून ठेवा. कूलंट चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात.

हाऊसिंगचे बोल्ट ही या कामातली सर्वांत अवघड जागा आहे. ॲल्युमिनिअममध्ये लोखंडी बोल्ट वर्षानुवर्षं पाण्यात राहून जाम होतो. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मारून ठेवा. सकाळी पाना थोडा घट्ट दिशेने, थोडा सैल दिशेने, असा हलवत सोडवा. बोल्ट रबरासारखा पीळ खाताना जाणवला तर तिथेच थांबा. हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणासारख्या भागात) तुटलेला बोल्ट घरच्या ड्रिलने काढायला जाऊ नका. भोक तिरकं गेलं तर हेड उतरवावं लागतं. ते काम लेथवाल्या टर्नरचं.

उघडल्यावर थर्मोस्टॅट आत आहे का ते बघा. अनेकदा नसतोच, आणि मग बाकीची चौकशी तिथेच संपते.

पातेल्यातली परीक्षा

जुना असो, नवा असो की भंगारातला, ही परीक्षा झाल्याशिवाय मी बसवत नाही. डब्यातून काढलेले नवे भागही कधी कधी मिटलेलेच राहतात.

डबीवर किंवा चकतीवर ७१, ७६, ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्या अंशाला झडप उघडायला सुरुवात होते. पूर्ण उघडायला त्यापुढे साधारण १२ ते १५ अंश लागतात. थंड असताना झडप बोटाने किंचित उघडून तिच्यात दोरा अडकवा आणि दोऱ्याने थर्मोस्टॅट पाण्यात टांगा. बुडाला टेकू देऊ नका, कारण पातेल्याचा तळ पाण्यापेक्षा गरम असतो. शेजारी स्वयंपाकाचा थर्मामीटर. पाणी हळू तापवा आणि ढवळत राहा. झडप उघडली की दोरा सुटून थर्मोस्टॅट खाली पडतो, तो क्षण म्हणजे उघडण्याचं तापमान. कोरलेल्या आकड्यापासून दोन-तीन अंशांचा फरक चालतो. उकळीजवळ झडप ७-८ मिलिमीटर तरी उचललेली हवी.

समुद्रसपाटीपासून वर राहणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ ला. ८८ चा थर्मोस्टॅट तिथे पातेल्यात पूर्ण उघडलेला दिसणार नाही. म्हणून तो बाद धरू नका.

मग बाहेर काढून थंड होऊ द्या. पूर्ण मिटला पाहिजे. उजेडासमोर धरल्यावर कडेने फट दिसली तर तो गाडी थंड ठेवणार. हा सगळा फेरा दोन-तीनदा करा. थकलेलं मेण किंवा गळकी डबी दर वेळी वेगळ्या अंशाला उघडते.

दुसऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट बसवणं

मूळ भाग मिळत असेल तर तोच घ्या, किंमत फार नसते. मिळत नसेल तर आधी त्याच इंजिनाच्या नातलगांत शोधा. ट्रॅक्समधलं ओएम ६१६ इंजिन मुळात मर्सिडीजच्या २४०डी गाडीतलं, बजाज टेम्पोने परवान्याखाली इथे बनवलेलं. एमएम ५४० मधलं एक्सडीपी इंजिन प्यूजोचं. नातं कळलं की परदेशात अजून बनणाऱ्या सुट्या भागांचीही वाट उघडते. तरीही ‘याला त्याचा बसतो’ या ऐकीव माहितीवर पैसे देऊ नका. एकाच इंजिनाची हाऊसिंगं वर्षागणिक बदललेली असतात. व्हर्निअर (बारीक मापं घेणारी सरकती पट्टी) घेऊन दुकानात जा.

चकतीचा बाहेरचा व्यास हाऊसिंगच्या खाचेत बसला पाहिजे. ५४ मिलिमीटर हे पुष्कळ गाड्यांत आढळणारं माप आहे, त्यामुळे तिथे पर्याय भरपूर मिळतात. चकती किंचित मोठी असेल तर टर्नरकडून अर्धा-पाऊण मिलिमीटर उतरवता येते. लहान असेल तर तशीच बसवू नका. ती एका बाजूला सरकते आणि कडेने पाणी कायम वाहत राहतं. पितळेची कडी करून घेता येते, पण मग जाडीही जुळवावी लागते. खाचेपेक्षा चकती जाड झाली तर बोल्ट आवळताना हाऊसिंगचा कान तुटतो.

उघडण्याचं तापमान मूळ आकड्याइतकंच ठेवा. गरम होणाऱ्या गाडीला ७१ चा घालून ती थंड होत नाही. थर्मोस्टॅट इंजिनाचं किमान तापमान ठरवतो. एकदा पूर्ण उघडल्यावर ७१ चा आणि ८२ चा सारखेच, पुढचं काम रेडिएटरचं आणि पंख्याचं. ७१ चा घातला तर हायवेला इंजिन थंड राहील आणि घाटात तितकंच तापेल.

आता बायपासची चकती. बहुतेक जुळवणी इथेच फसते. हाऊसिंगमध्ये चकती बसते त्या खाचेपासून बायपासच्या भोकापर्यंतची खोली व्हर्निअरच्या मागच्या दांडीने मोजा. मग निवडलेला थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात पूर्ण उघडू द्या, पकडीने बाहेर काढा आणि चटकन त्याच्या वरच्या चकतीपासून खालच्या चकतीपर्यंतचं अंतर मोजा. हे अंतर खोलीपेक्षा एक-दोन मिलिमीटर जास्त हवं, म्हणजे खालची चकती आपल्या छोट्या स्प्रिंगच्या जोरावर भोक दाबून धरेल. कमी भरलं तर बायपास कधीच बंद होणार नाही, म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकल्यासारखंच. फार जास्त भरलं तर चकती आधीच टेकते, मेणाला फुगायला जागा उरत नाही आणि डबी फुटते. खालची चकती नसलेला साधा थर्मोस्टॅट बायपासवाल्या इंजिनात बसवू नका, व्यास कितीही जुळू दे.

हवेच्या पिनचं भोक नसेल तर चकतीच्या सपाट भागात ३ मिलिमीटरचं भोक पाडा. झडपेच्या बैठकीपासून दूर, आणि बसवताना सर्वांत वर येईल असं. त्याहून मोठं पाडू नका, नाहीतर सकाळी इंजिन तापायला उशीर होईल.

भंगारातल्या इंजिनाचा थर्मोस्टॅट घ्यायचा झाला तर पातेल्याच्या परीक्षेआधी त्याचं रबर बघा. ज्या इंजिनाचं हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) गेलेलं असतं त्याच्या पाण्यात ऑइल मिसळलेलं असतं, आणि ऑइलने रबर फुगून मऊ पडतं. असा भाग आज उघडेल आणि महिन्याभराने अडकेल. भंगारातून घ्यायला खरोखर योग्य वस्तू म्हणजे हाऊसिंग. त्याचा चेहरा खड्डे पडून खराब झाला असेल तर जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून, पाणी मारून, आठाच्या आकड्यात घासत सपाट करता येतो. खड्डा बोल्टच्या भोकापर्यंत पोचला असेल तर दुसरं हाऊसिंग घ्या.

बसवताना स्प्रिंग आणि डबी इंजिनाच्या बाजूला. उलटा बसला तर डबीला रेडिएटरकडचं थंड पाणी लागतं आणि झडप वेळेवर उघडत नाही. पॅकिंग पेपर नवा कापा. सिलिकॉन लावायचंच असेल तर बोटाने पातळ पुसलेलं. जाड थर आत दाबला जातो, त्याचे तुकडे सुटतात आणि रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतात. बोल्ट आलटून-पालटून, छोट्या पान्याने आवळा.

वाटेत अडकलात तर

मिटलेला अडकलेला थर्मोस्टॅट बाहेर काढून टाकण्याऐवजी त्याचाच उपयोग करा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर तो काढा, झडप जोर लावून उघडा आणि चकती व झडप यांच्या मध्ये स्टीलचा छोटा बोल्ट अडकवा. तो तांब्याच्या तारेने चकतीच्या पट्टीला बांधा, सुटून आत पडता कामा नये. मुख्य झडप आणि खालची चकती एकाच दांडीवर असतात, त्यामुळे वरची उघडी राहिली की खालची बायपासवर दाबलेली राहते. सगळं पाणी रेडिएटरमधून जातं आणि घाट पार होतो. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ए-सिरीज इंजिनांसाठी याच कारणाने थर्मोस्टॅटच्या जागी बसवायची ब्लँकिंग स्लीव्ह, म्हणजे बायपास बुजवणारी कडी, मिळत असे. हा उपाय घरी पोचण्यापुरता. गाडी यावर महिनोन्‌महिने चालवली तर ती वर सांगितलेल्या थंड इंजिनाच्या झिजेकडेच जाते.

काही जण बायपासचा होजच कायमचा बुजवतात. तसं करून आत चालता थर्मोस्टॅट ठेवला तर थंड इंजिनात पाणी फिरायला वाटच उरत नाही, हेडमध्ये जागोजागी वाफ धरते आणि हेड तडकतं. ते कधीही करू नका.

नंतर पाणी कोणतं

बोअरचं पाणी या इंजिनांचा मोठा शत्रू आहे. सोलापूर, नगर, मराठवाडा या भागांतल्या गाड्यांचे थर्मोस्टॅट उघडले की डबीवर क्षारांचा पांढरा थर सापडतो. त्या थराखाली मेणाला उष्णता उशिरा पोचते आणि दांडी अडखळते. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा. ज्या इंजिनात लायनरला बाहेरून थेट पाणी लागतं तिथे कूलंट आणखी गरजेचं आहे. लायनरच्या कंपनाने त्याच्या पाठीवर बुडबुडे फुटतात आणि धातू टोचल्यासारखा खड्डे पडून पोखरला जातो. कूलंटमधली रसायनं ते रोखतात.

इथे थांबा, जाणत्याला बोलवा

- थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होतो, किंवा झाकण उघडं असताना पाण्यात सतत बुडबुडे येतात. सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. हेड गॅस्केट गेलंय किंवा हेड तडकलंय, थर्मोस्टॅटने यात काहीच होणार नाही.
- ऑइलच्या काडीवर किंवा झाकणाखाली दुधी साय दिसते. इंजिन सुरूही करू नका, बेअरिंगं जातील.
- स्टार्टर मारल्यावर इंजिन अर्धा फेरा फिरून खाडकन अडतं. सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पुन्हा सेल्फ मारू नका आणि धक्का देऊन तर मुळीच सुरू करू नका.
- थर्मोस्टॅट पातेल्यात पास झाला, हवा काढली, पट्टा आणि झाकण नवं आहे, आणि तरीही काटा लालला जातो. आता रेडिएटर उतरवून नळ्या साफ करणं किंवा वॉटर पंप उघडणं उरतं. पंपाच्या आतली पाती गंजून झिजलेली असू शकते, आणि ती बाहेरून दिसत नाही.
- गाडी एकदा तरी लालच्या पुढे जाऊन बंद पडली आहे. तिच्या हेडचा चेहरा सरळपट्टीवर तपासून घ्या. ॲल्युमिनिअमचं हेड असेल, जसं प्यूजोच्या या इंजिनांना असतं, तर ते लवकर वाकतं.

घाटात काटा लालकडे जाताना दिसला तर एसी बंद करा, हिटर पूर्ण गरमवर सोडा आणि सुरक्षित जागी थांबून इंजिन थोडं चढ्या रिकाम्या वेगावर फिरू द्या, म्हणजे पंखा आणि पंप चालू राहतील. पाणी फेकत असेल किंवा काटा तरीही चढतच असेल तर लगेच बंद करा. तापलेल्या इंजिनावर थंड पाण्याची बादली ओतू नका.

दुसऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट बसवलात तर बॉनेटच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहून ठेवा: कोणत्या गाडीचा, किती अंशांचा, चकतीचा व्यास, खालच्या चकतीपर्यंतचं पूर्ण उघडलेलं अंतर, बसवल्याची तारीख. पुढच्या वेळी जो कोणी हे हाऊसिंग उघडेल, त्याला मूळ गाडीच्या नावाने मागवलेला भाग का बसत नाही हे शोधत बसावं लागणार नाही.